हरिपूरची पेवं आणि अलेटाबाईंची वही

घाबरट माणसानं प्रवासाला निघू नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि तरीही मी पुष्कळ हिंडले आहे. दर खेपेला गाडी सुटायच्या तासभर आधी स्टेशनवर जाऊन बसते, तिकीट दहादा चाचपते आणि आपल्याला ही अवदसा कुठून आठवली म्हणून स्वतःलाच बोल लावते. पण सातारा-सांगलीच्या त्या आठ दिवसांत जी भीती वाटली, ती गाडी चुकण्याची नव्हती. तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला जाणार असेल तर रस्ते, गाड्या, जेवण सगळं सांगते. बाकीचंही सांगणार आहे, कारण ते आता सांगायलाच हवं.

लढाईचं शेवटचं वर्ष होतं. होळी होऊन गेली होती. पुण्यात मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवते. एक दिवस मोठ्या बाईंनी बोलावून घेतलं. त्यांच्यासमोर उन्हानं लालबुंद झालेली एक उंच गोरी बाई बसली होती, मांडीवर जाड वही. साताऱ्याला आणि सांगलीला जायचंय, दुभाषी हवी आहे, असं तिचं म्हणणं. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात मोठ्या बाई म्हणाल्या, "या लेखिका आहेत. पुस्तकं लिहितात." बाईमाणसानं पुस्तकं लिहून पोट भरावं हे मी ऐकलं नव्हतं, पाहिलं तर नव्हतंच. मी हो म्हणून बसले.

तिचं नाव अलेटा. ती इंग्रज नव्हती, आणि हे ती पहिल्या पाच मिनिटांत दोनदा सांगायची. दक्षिण आफ्रिकेतली, डच वंशाच्या शेतकऱ्यांच्या घरातली. त्या लोकांना बोअर म्हणतात. चाळीसेक वर्षांपूर्वी त्यांचं इंग्रजांशी युद्ध झालं, आणि पकडलेल्या कैद्यांना इंग्रजांनी जहाजात घालून लांब लांबच्या मुलखांत नेऊन कोंडलं. त्यातले काही थेट आपल्या साताऱ्यात आणले होते. अलेटाबाईंचे वडील त्यांच्यातले एक, तेव्हा एकोणीस वर्षांचे. बाईंचा नवरा लढाईच्या आधीच मुंबईच्या गोदीत इंजिनिअर म्हणून आला होता. लढाई लागली आणि दोघं इथंच अडकली. अडकलोच आहोत तर वडिलांची जागा बघून घेऊ, असं त्यांनी ठरवलं.

पुण्याहून साताऱ्याला आम्ही मोटारनं गेलो. पेट्रोल मिळत नसल्यामुळे गाडी कोळशाच्या गॅसवर चालायची. मागे एक मोठी शेगडी लावलेली, तिचा धूर सगळा शेवटच्या बाकड्यावर. जाणार असाल तर पुढं बसा आणि पांढरं लुगडं नेसू नका. कात्रजला एकदा आणि खंबाटकीत दोनदा उतारूंना उतरवून गाडी ढकलायला लावली. अलेटाबाईंनीही बाह्या सारून ढकलली. लोक बघतच राहिले. पुढं बसलेल्या एका फेटेवाल्या आजोबांनी मला हळूच विचारलं, "कलेक्टरसायबाची कोन हो ही?" मी म्हटलं, "कुणी नाही. इंग्रज नाही ती." आजोबा हसले. "गोरी ती गोरीच की, बाई."

आपण कशाला हो म्हणालो, ते तिथंच पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. सातारा जिल्ह्यात त्या वर्षात काय चाललं होतं ते तुम्हाला माहीत आहे. माणसं भूमिगत होती, गावोगाव लपत होती, आणि पोलीस त्यांचा माग काढत होते. पोलिसांचा खबऱ्या असल्याचा नुसता संशय आला तरी भूमिगत त्याच्या तळपायांवर काठ्या मारत. आणि मी कुणाबरोबर चालले होते? प्रत्येक गावाचं नाव, प्रत्येक फाटा, भेटेल त्या माणसाचं नाव आणि गाव वहीत उतरवून घेणाऱ्या गोऱ्या बाईबरोबर.

साताऱ्यात बाईंची सोय सरकारी बंगल्यात झाली आणि मी मावशीकडं गेले. मावशीनं पोहे पुढं ठेवले आणि हलक्या आवाजात सुरुवात केली. "तू या बाईला घेऊन खेड्यात हिंडणार? अगं, खबऱ्यांना मारतात इथं. आणि बरंच करतात! पण तुला कोण ओळखणार तू कोणाकडची ते?" दुसऱ्या दिवशी मावशीनं बाईंना चहाला बोलावलं, गुळाचा चहा आणि कंदी पेढे दिले, आणि बोलता बोलता हेच सगळं त्यांनाही ऐकवलं. मी मूर्खासारखं शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितलं. बाईंनी ते लिहून घेतलं.

कैद्यांची छावणी होती ती जागा शोधायला एक म्हातारे सुभेदार आमच्याबरोबर आले. पहिल्या लढाईला जाऊन आलेले, कमरेत वाकलेले, पण आवाज परेडचा. त्यांनी काठीनं मोकळं रान दाखवलं. चार शेळ्या चरत होत्या, बाकी काही नव्हतं.

"हितं तंबू हुते. मी बारकं पोर हुतो तवा. लय दाढ्या वाढवल्याली मान्सं. लाकडाच्या पेट्या करायची, नक्षीच्या. आमी तारंपाशी जाऊन चिंचा द्यायचो, ती आमाला लाकडाची बैलं द्यायची."

"पळून कुणी गेलं होतं का?" मी बाईंचा प्रश्न विचारला.

"व्हय, एक गेला हुता की. घावला परत. पर मधी कुटं हुता त्ये त्यानं शेवटपातूर सांगितलं न्हाई. लय मारला म्हंत्यात."

अलेटाबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी सुभेदारांचा हात दोन्ही हातांत धरला. म्हातारा गोंधळून माझ्याकडं बघू लागला.

परतताना मोटार अड्ड्यावर एका फौजदारानं अडवलं. वही कसली? बाई म्हणाल्या, मी लेखिका आहे, टिपणं आहेत. त्यानं वही उघडली. ती आफ्रिकान्समध्ये, म्हणजे त्यांच्या भाषेत. त्याला काही कळेना. इंग्रजीत वाचून दाखवा, म्हणाला. आणि अलेटाबाईंनी वाचलं. सगळं वाचलं! गाडी ढकलली ते, शेळ्या, सुभेदार आणि मग, "दुभाषी बाईंच्या मावशीचं म्हणणं, इथं खबऱ्यांना मारतात आणि ते बरंच करतात."

फौजदारानं माझ्याकडं पाहिलं. "मावशी कुठं राहतात?" मी काय बडबडले ते मला आठवत नाही. म्हातारं माणूस आहे, ऐकू येत नाही, असं काहीतरी. त्यानं बराच वेळ वही हातात ठेवली आणि शेवटी परत दिली.

बंगल्यावर पोचल्यावर मी पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले. "हे वाचायलाच हवं होतं? दोन ओळी गाळता आल्या नसत्या?"

त्या शांतपणे म्हणाल्या, "लिहिलेलं वाचा म्हणाले. हे लिहिलं होतं."

मग त्यांनी मला सांगितलं. त्यांच्या लहानपणी शाळेत इंग्रजीच बोलावं लागे. घरची भाषा तोंडून निघाली तर मुलांच्या गळ्यात पाटी अडकवत, मी गाढव आहे म्हणून. स्वयंपाकघरातली, नोकरचाकरांशी बोलायची भाषा, तिच्यात कसली पुस्तकं होणार, असं शिकलेले लोक म्हणत. अलेटाबाईंनी लग्नानंतर रोज भांडी आवरून झाली की त्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याच भाषेत लिहायला सुरुवात केली. आधी एका साप्ताहिकात बायकांच्या पानावर पत्रं, मग मुलांसाठी गोष्टी, मग पुस्तक. पहिल्या दिवशी त्यांनी एक ठरवलं होतं. या भाषेला आधीच कुणी मोजत नाही, निदान तिच्यात आपण एकही खोटं वाक्य लिहायचं नाही. लिहायचं नाही आणि वाचायचंही नाही.

मला त्यांचं कौतुक वाटलं आणि तितकीच भीतीही. खोटं न बोलणाऱ्या माणसाबरोबर प्रवास करणं किती धोक्याचं, हे तोवर मला कळलं नव्हतं.

साताऱ्याहून सांगलीला जायचं तर रहिमतपूर स्टेशन गाठावं, तिथून मिरजेची गाडी. मिरजेला गाडी बदलून सांगली. आम्ही सकाळच्या गाडीनं निघालो. बरोबर मावशीनं दिलेल्या भाकऱ्या आणि वांग्याचं भरीत. स्टेशनवरच्या खाण्यावर विसंबू नका, रेशनमुळे चहासुद्धा नुसतं गरम पाणी असतं. रुळांवर, पुलांवर बंदूकवाले पोलीस. अलेटाबाई खिडकीतून पूल मोजून वहीत लिहू लागल्या. मी वहीवर हात ठेवला. "पूल नका हो मोजू!" त्या हसल्या, पण थांबल्या.

सेकंड क्लासच्या डब्यात आम्ही दोघीच. मी धीर करून मनातलं विचारलं. "तुमच्या देशात मला या डब्यात तुमच्या शेजारी बसू देतील का?"

त्या खिडकीकडून माझ्याकडं वळल्या. "नाही," म्हणाल्या. मग वही उघडून तेही लिहिलं.

मला राग आला होता. पण त्यांनी जी गोष्ट पुढं सांगितली, ती ऐकताना राग मागं पडला. त्यांचे वडील छावणीतून पळाले ते कृष्णेच्या काठानं दक्षिणेकडं. गोव्यात पोर्तुगीजांचा अंमल, तिथं इंग्रजांचा हात पोचणार नाही, असा हिशेब. सांगलीजवळ नदीकाठच्या हरिपुरात ताप भरला आणि ते एका शेतकऱ्याच्या अंगणात कोसळले. त्या घरानं त्यांना जमिनीखालच्या एका रिकाम्या खड्ड्यात नऊ दिवस लपवलं. हळद साठवायचा खड्डा. घरातली सून दोरीला टोपली बांधून भाकरी सोडायची. अंधाराच्या भीतीनं ते देवाची गाणी म्हणू लागले की वरून एक खडा टपकन पडायचा, गप्प बस म्हणून. ताप उतरल्यावर त्यांना हळदीच्या पोत्यांखाली घालून गाडीनं पुढं पाठवलं. घाटात ते पकडले गेले. कुठं लपला होतास म्हणून इंग्रजांनी पुष्कळ मारलं, त्यांनी सांगितलं नाही. पुढं आयुष्यभर त्यांनी हे फक्त मुलीला सांगितलं.

आणि मुलीनं ते पहिल्या पुस्तकात लिहिलं. गावाचं नाव न देता. पुस्तक गाजलं, पण त्या एका प्रकरणावर सगळे हसले. जमिनीत हळद पुरतात? काळ्या लोकांनी गोऱ्याला नऊ दिवस पोसलं? पाद्रीबुवांनी प्रवचनात नाव न घेता टोमणा मारला. वडिलांना लोक ‘पिवळा माणूस’ म्हणून चिडवू लागले. त्यांनी चर्चला जाणं सोडलं आणि तसेच वारले.

"तो खड्डा मला बघायचाय," अलेटाबाई म्हणाल्या. "त्या घराचं नाव लिहायचंय, चित्र काढायचंय. आणि तसं काही नसेल, तर नव्या आवृत्तीतून ते प्रकरण मला काढावं लागेल. माझ्या वडिलांचं असलं तरी."

सांगली हे तेव्हा संस्थान. कचेरीत परवानगी घ्यावी लागली. अधिकारी सभ्य होते, पण त्यांनी दोन अटी घातल्या. एक हवालदार बरोबर राहील. आणि परत आल्यावर वहीत लिहिलेलं सगळं इंग्रजीत वाचून दाखवायचं. बाई लगेच म्हणाल्या, "अर्थातच." मला साताऱ्याचा फौजदार आठवला.

हरिपूर सांगलीपासून दोन-तीन मैल. टांग्यानं जा, उन्हाची काळजी नाही, सगळा रस्ता चिंचांच्या सावलीतून. टोकाला संगमेश्वराचं देऊळ, कृष्णा-वारणेचा संगम. नदीचं पाणी संथ, घाटावर बायका धुणं धूत होत्या. इतकं सुंदर ठिकाण मी त्या बाजूला दुसरं पाहिलं नाही, आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. समोर यादव हवालदार मांडीवर काठी आडवी घेऊन बसले होते. मिशाळ, गप्प. कशावरही पटकन बोलत नसत, आणि ते मला बडबड्या माणसापेक्षा जास्त भयंकर वाटत होतं.

पेवं तुम्ही पाहिली नसतील तर आवर्जून बघा. हरिपूरची मातीच वेगळी. तोंड जेमतेम एक माणूस उतरेल एवढं, आत मात्र माठासारखं फुगत गेलेलं, दोन-अडीच पुरुष खोल. हळद भरली की वर पाला, गवत, माती टाकून तोंड बंद. वारा नाही, पाणी नाही, कीड नाही. वर्षा-दोन वर्षांनी उघडतात तेव्हा लगेच कुणी उतरत नाही. आत कोंडलेली हवा माणसाला मारते. दोरीनं कंदील सोडतात, तो जळत राहिला तरच माणूस उतरतो. जिकडं बघावं तिकडं जमिनीवर मातीचे छोटे उंचवटे, आणि प्रत्येकाच्या खाली एक पोकळी. माझ्यासारखीला चालतानाही पाऊल जपून टाकावंसं वाटलं.

वडिलांनी सांगितलेल्या खुणांवरून अलेटाबाईंनी घर शोधलं. देवळापासून किती, नदी कुठल्या हाताला, जोत्याला कसला दगड. घराचा मालक बापू बाहेर आला. मागून त्याची आई, तायाक्का. साठीच्या पुढची, बारीक, ताठ. आधी तिनं हवालदाराला पाहिलं, मग गोऱ्या बाईला, मग वहीला.

मी प्रश्न विचारला. चाळीस-पंचेचाळीस वर्षांमागं इथं एका गोऱ्या माणसाला पेवात लपवलं होतं का?

बापूचा चेहरा पांढरा पडला. एवढ्या जुन्या गोष्टीला इतकं घाबरायचं कारण काय, ते मला कळेना. तो म्हणाला, "न्हाई बा. आमच्या कानावर न्हाई. आन् पेवं समदी भरल्याती."

"एखादं रिकामं असेलच. मी खाली उतरून बघते," अलेटाबाई म्हणाल्या. मी ते मराठीत सांगितलं.

"भरल्याती म्हंतोय न्हवं!" बापू जवळजवळ ओरडला.

त्या वही घेऊन पेवांमधून फिरू लागल्या, चित्रं काढत. बापू त्यांच्यामागं. हवालदार चिंचेखाली टेकले. मी जरा बाजूला, गवताच्या पेंढ्या रचल्या होत्या तिथं एका दगडावर बसले.

आणि माझ्या पायाखालून कुणीतरी खोकलं.

मी वाचकांना खरं सांगते, आधी मला भुताचीच शंका आली. मग दुसऱ्यांदा आवाज आला, दाबलेला, तोंडावर कापड धरल्यासारखा. पेंढ्यांच्या खालून. तिथं माणूस होता. आजचा, जिवंत, कुणीतरी भूमिगत, आणि त्याला शोधणाऱ्या पोलिसांतला एक वीस पावलांवर बसला होता. बापू का घाबरला, ते आता कळलं. हो, आम्ही एकदा पेवात माणूस लपवला होता, एवढं कबूल केलं की पोलीस प्रत्येक पेव उघडून बघणार.

यादव हवालदारांनी मान वळवली. मी काही विचार न करता खोकायला लागले. खोकले, खोकले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकले. तायाक्का घरातून धावत आली, माझं मनगट धरलं. "आवं, घोटभर पानी घ्या, चला आत."

आत चुलीपाशी तिनं मनगट सोडलं नाही. "ऐकलासा?"

मी मान हलवली.

"पंधरा दिस झालं. घावला तर त्यो बी जाईल आन् माझा बापू बी. त्या बाईला सांगा, असं कोन आलंच न्हवतं."

"पण आलं होतं ना?"

तिनं दाराकडं पाहिलं. "आलं हुतं. माझं लगीन होऊन सा म्हैनं झालं हुतं. गायचा वो त्यो आतनं. जीव घाबरायचा माजा. मी खडा टाकायची."

मला रडू आवरेना. अलेटाबाईंचे वडील खरं बोलले होते, आणि ते सांगणारी बाई माझ्यासमोर उभी होती. "त्याची लेक आहे ती. तिला एकटीला सांगू का? हवालदार नसताना?"

"ती लिवती," तायाक्का म्हणाली.

त्या दोन शब्दांत सगळं आलं. लिहिणार, आणि लिहिलेलं वाचणार. कचेरीत, मोठ्यानं, एकही ओळ न गाळता.

आम्ही बाहेर आलो. अलेटाबाई ओसरीवर येऊन उभ्या होत्या, हवालदार त्यांच्या मागं. मी इंग्रजीत म्हणाले की म्हातारीला या घरात येऊन चाळीसच्या वर वर्षं झाली, इथं कधी कुणी आलं नाही. आणि एवढ्यावर थांबायचं सोडून पुढचंही बोलले. हळदीचे व्यापारी साताऱ्याला जातात, पेवांच्या गोष्टी सांगतात. तुमच्या वडिलांनी छावणीत तसं काही ऐकलं असेल.

त्यांचा चेहरा मी विसरू शकत नाही. "खडा," त्या म्हणाल्या. "खड्याचं विचारा तिला."

विचारावं लागलं. हवालदारांच्या देखत, मराठीत. "आजी, तुम्ही कधी कुणाला गप्प करायला पेवात खडा टाकला होता का?"

तायाक्कानं माझ्याकडं पाहिलंच नाही. तिनं सरळ अलेटाबाईंच्या डोळ्यांत पाहिलं. त्या डोळ्यांत तिला कोण दिसलं असेल ते तिलाच ठाऊक.

"न्हाई," ती म्हणाली.

त्याचं भाषांतर करावं लागलं नाही. अलेटाबाईंनी वहीत एक ओळ लिहिली आणि वही मिटली. बापूच्या बायकोनं रिवाजाप्रमाणे आम्हाला थांबवलं. माझी ओटी भरत नाहीत, मी कुंकू लावत नाही, पण अलेटाबाईंच्या कपाळावर तिनं हळदकुंकू लावलं. त्यांनी बोट लावून बघितलं, बोट पिवळं झालं, आणि त्या एकाएकी टांग्याकडं चालू लागल्या.

सांगलीची घरं दिसू लागल्यावर यादव हवालदारांनी पहिल्यांदा माझ्याकडं बघून विचारलं, "खोकला कसा हाय, बाई?"

"बरा आहे."

"लय खोल खोकला हुता." ते काठीच्या टोकाकडं बघत राहिले. "पार भुईतनं आल्यागत. कचेरीत काढू नगासा."

म्हणजे त्यांनी ऐकलं होतं. गप्प राहणार म्हणून सांगत होते, की पुढं काय होणार त्याची जाणीव देत होते? मला ठरवता आलं नाही. कचेरीच्या पायऱ्या मी कठड्याला धरून चढले.

अलेटाबाईंनी वाचलं. मिरजेची गाडी, चिंचांचा रस्ता, पेवं, कंदील. माझ्या खोकल्याचंही होतं. हवालदार दाराशी उभे होते, हलले नाहीत. शेवटची ओळ वाचताना बाईंचा आवाज फाटला. "आज मला कळलं, की माझे वडील मला गोष्ट सांगत होते." अधिकाऱ्यांनी सहानुभूतीनं मान हलवली आणि वहीवर शिक्का मारला.

पुण्याला परतल्यावर कित्येक दिवस जिन्यावर बूट वाजले की मी मागच्या खोलीत जायची. कुणी आलं नाही. निरोप घेताना अलेटाबाई म्हणाल्या होत्या, "मला बरं वाटावं म्हणून तुम्ही खोटं काही सांगितलं नाहीत. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं." मी त्यांना फळं दिली आणि मान खाली घातली. लढाई संपल्यावर ती दोघं जहाजानं गेली.

स्वातंत्र्य मिळाल्याच्या वर्षी बापू हळद घेऊन पुण्याच्या बाजारात आला होता, तो शोधत घरी आला. पेवातला माणूस सुखरूप सुटला होता. तायाक्का गेली होती. "आई म्हनायची, त्या बाईला आता खरं कळाय पायजे," तो म्हणाला. मी म्हटलं, कळवते. आणि कळवलं नाही. आता पोलिसांची भीती नव्हती, त्या बाईंचीच होती. रोज उद्यावर ढकललं, अशी दोन वर्षं गेली.

गेल्या महिन्यात पुस्तक आलं. त्यांच्या पहिल्या पुस्तकाची नवी आवृत्ती, आत इंग्रजीत पत्र. त्यांनी ते प्रकरण काढून टाकलं होतं. एवढंच करून त्या थांबल्या नव्हत्या. ज्या चर्चमध्ये वडिलांची टिंगल झाली, तिथं भर सभेत उभं राहून त्यांनी वडिलांच्या वतीनं लोकांची माफी मागितली होती. "ज्या एका व्यक्तीनं मला खरं सांगितलं, तिला ही पहिली प्रत," असं शेवटी लिहिलं होतं.

त्या दिवशी मी जेवले नाही. संध्याकाळी बसून पत्र लिहिलं. तायाक्काचं नाव लिहिलं, घर लिहिलं, गाणं आणि खडा लिहिला, आणि गवताखालचा माणूसही. सुरुवात मात्र चार कागद फाडून झाल्यावर जमली. तुमचे वडील खरं बोलले होते, खोटं मी बोलले.

पत्र टाकून तीन आठवडे झाले. हरिपूरला जाऊन या, चिंचांचा रस्ता अजून तसाच आहे म्हणतात. मी मात्र सध्या कुठं निघत नाही. पोस्टमन गल्लीत शिरला की मी मागच्या खोलीत जाते.